वजाबाकी

रावपुऱ्यात, डॉक्टर त्रिवेदींच्या दवाखान्यात
निनाद काट्यावर बसत नाही.
नुसतं ते ताट दिसलं तरी पाय आखडून घेतो,
माझ्या गळ्याला मिठी, कानात भोंगा.
मग कंपाउंडर म्हणतो, तेडी लो एने, बेन,
आणि आम्ही मोठ्या काट्यावर चढतो.
आधी दोघं, मग मी एकटी.
राहील ते बाळाचं.

म्हणजे बाळाचं वजन हवं तर
आधी माझं जगजाहीर.
रांगेत सहा आया, एक आजोबा,
आणि कंपाउंडरचा खणखणीत आवाज:
अठ्ठ्याहत्तर पॉइंट सहा!
ही नवरात्राच्या आधीची गोष्ट.
त्या रात्री ठरवलं.

सकाळी पावणेसहाला सूरसागर.
एक फेरी पुरी, दुसरी निम्मी, तोवर फोन:
चार्वीचा पांढरा मोजा सापडत नाही.
मोजा म्हणजे मोजा. घरी जावं लागतं.
सुहासची रिफायनरीत नाईट असली
की फेऱ्या गॅलरीतच,
कुकरच्या शिट्ट्या मोजत.

डब्यातून परत आलेला अर्धा ठेपला,
वाटीच्या तळाचा कालवलेला भात,
बिस्किटाचा ओला कोपरा,
हे कुठल्याच तक्त्यात धरत नाहीत.
टाकवत नाही. आमच्या घरात
अन्न टाकणारी अजून जन्माला यायचीय.

ऑफिसातल्या भाविनीबेन तीन महिन्यांत अकरा किलो उतरल्या.
दोन नवे ड्रेस, नवी मान.
विचारलं तर म्हणतात, कंई नथी, मन मक्कम जोईए.
माझंही असतं की मक्कम, सकाळी.
संध्याकाळी सेव-उसळच्या गाडीवर
तर्रीला उकळी फुटते
तेव्हा कोण कुठलं मन.

डिसेंबरात तीनशे ग्रॅम कमी.
उत्तरायणात उंधियो, चिक्की: चारशे जास्त.
मार्चमध्ये चार्वीला कांजिण्या,
तीन आठवडे ना फेरी, ना झोप.
तेव्हा सोडलंच होतं. बूट खोक्यात घालून माळ्यावर.
एप्रिलात चार्वीला प्रकल्पासाठी खोकं हवं झालं,
तिनं ते काढलं, बूट दारात टाकले.
आठवडाभर अडखळत होते त्यांना.
मग घातले.

काल परत दवाखाना. बूस्टर.
तोच भोंगा, तीच मिठी.
दोघं मिळून सत्त्याऐंशी पॉइंट पाच.
फाइल चाळली. ऑक्टोबरचं पान:
दोघं मिळून सत्त्याऐंशी पॉइंट पाच.
नऊ महिने!
तोंडाला कोरड पडली.
त्याला कंपाउंडरच्या हातात दिलं, एकटी चढले.
शहात्तर पॉइंट चार.

दोन किलो दोनशे ग्रॅम
माझ्यावरून उठून
त्याच्यावर जाऊन बसलेत,
मांड्यांवर, मनगटाच्या वळीत.
सगळे ठेपले, सगळे ओले कोपरे
घरातल्या घरात फिरलेत.
डॉक्टरांनी लिहिलं, वाढ समाधानकारक.
कुणाची ते लिहिलं नाही.

दांडिया बाजारात आमच्या बिल्डिंगची लिफ्ट बंद.
तीन मजले. तो कडेवर झोपलेला,
खांद्याला पर्स, हातात दुधी.
दुसऱ्या मजल्यावर मी नेहमी थांबते,
हंसाबेनच्या तुळशीची चौकशी करते,
म्हणजे दम गोळा करते.
काल तिसऱ्यावर पोचले आणि लक्षात आलं,
तुळस राहिली.

भार तर तेवढाच होता. वर दुधी.

आणि किल्ली खाली, स्कूटरच्या डिकीत.
उतरले तशीच.
जाता जाता विचारलं, तुळस कशी आहे?
हंसाबेन चष्मा पुसत म्हणाल्या,
अगं, ती होळीलाच वाळली.
तू थांबायचीस ना, म्हणून सांगायची
बरी आहे.